माणूस इथला केव्हा होतो?

खाम नदीच्या पश्चिमेला, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या दरवाजांबाहेर, छावणी आहे. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेसाठी ती वसली. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि शिपाई कुठकुठले. पलटण यायची, काही वर्षं राहायची आणि हुकूम आला की बिऱ्हाड गुंडाळून पुढं जायची. तिथला लष्करी भाग आजही बदलीच्या आदेशावर भरतो आणि रिकामा होतो. पलटणीच्या आधारानं आलेले दुकानदार, शिंपी, धोबी, खानसामे मात्र मागं राहिले आणि त्यांच्या नातवंडांना आज दुसरं गाव ठाऊक नाही. दर गुरुवारच्या बाजाराला आसपासच्या तालुक्यांतले शेतकरी जनावरं घेऊन येतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. येणारे, जाणारे, येऊन राहिलेले आणि दिवसापुरते आलेले असे सगळे या एका वस्तीत खेटून दिसतात. म्हणून माणूस एखाद्या ठिकाणचा केव्हा होतो, हा प्रश्न मांडायला छावणीसारखी दुसरी जागा नाही. रहिवासाचा दाखला तहसील कचेरीत मिळतो. त्याच्याशी या प्रश्नाचा फारसा संबंध नाही. कोण कोणाचं काय देणं लागतो, आलेल्यानं कसं वागावं आणि असलेल्यानं कसं वागावं, हा धर्माचा प्रश्न आहे आणि वाढत्या शहरात तो रोज, भाड्याच्या खोलीच्या दारात उभा राहतो.

१९५१ साली या शहराची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ती पावणेबारा लाखांच्या आसपास भरली. एवढी वाढ केवळ घरोघरी पाळणे हलल्यानं होत नाही. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सिडकोची घरं, १९८५ मध्ये वाळूजला सुरू झालेला बजाजचा कारखाना आणि त्याच्या सावलीत उगवलेले शेकडो लहान कारखाने, अलीकडं शेंद्रा-बिडकीनची ऑरिक नगरी, यांनी माणसं ओढून आणली. १९७२च्या दुष्काळानं काहींना गावातून हाकललं. बीड, जालना, परभणी, बुलढाणा, खानदेश आणि आता बिहार, उत्तर प्रदेश, अशा दिशांनी ही माणसं आली. म्हणजे आज या शहरात राहणाऱ्यांपैकी बहुतेक जण एक तर स्वतः बाहेरून आलेले आहेत किंवा आलेल्यांची मुलं-नातवंडं आहेत. तरीही दोन अनोळखी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न येतोच आणि त्याच्या पोटात एक न बोललेलं गृहीत असतं की खरा हक्क मूळच्याचा, बाकीचे सोयीपुरते. मला हे गृहीत चुकीचं वाटतं. माझं म्हणणं असं की एखाद्या ठिकाणचं असणं हा वारसा नाही, तो आचार आहे. जन्म, पिढ्या, घराची मालकी, मतदारयादीतलं नाव यांपैकी कशानंही तो आपोआप पदरी पडत नाही आणि यांपैकी काहीही नसलं म्हणून तो अडतही नाही.

आधी जन्माची कसोटी या शहरालाच लावून पाहू. खडकी नावाच्या खेड्याच्या जागी १६१० मध्ये ज्यानं नगर वसवलं तो मलिक अंबर जन्मानं इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला, अहमदनगरच्या निजामशाहीत चाकरी करता करता तिचा कर्ताधर्ता झालेला. उत्तरेच्या डोंगरांतून जमिनीखालच्या नहरीनं शहरात पाणी आणण्याची योजना त्याची, आणि पुढची कित्येक शतकं लोक ते पाणी प्यायले. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. पाणचक्कीचा तकिया ज्यांच्या नावाशी जोडलेला आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे. शहराच्या पुऱ्यांची नावं घ्या. पदमपुरा आणि कर्णपुरा ही बिकानेरच्या राजघराण्यातल्या पदमसिंह आणि करणसिंह यांची आठवण, जयसिंगपुरा जयपूरकडची. औरंगजेबाच्या काळात जे सरदार इथं मुक्कामाला आले, त्यांच्या तळांची गावठाणं झाली आणि गावठाणांचे मोहल्ले झाले. जन्माच्या कसोटीवर या शहराचे बांधणारे, पाणी आणणारे आणि पेठा वसवणारे सगळेच उपरे ठरतात. ज्यांनी शहराला शहरपण दिलं त्यांनाच बाहेर काढणारी कसोटी शहराच्या बाबतीत कसोटी म्हणून टिकत नाही.

मग पिढ्यांची कसोटी. आजोबा आले, बाप इथं जन्मला, मी इथं जन्मलो, म्हणून मी पक्का. पण किती पिढ्या पुरे? दोन म्हटलं तर तिसरीचा माणूस हसतो, तीन म्हटलं तर सातवीचा. या प्रश्नाला छावणीला लागूनच एक उत्तर नावाच्या रूपानं उभं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथं महाविद्यालय काढलं, त्याचं नाव पुढं मिलिंद झालं आणि परिसराचं नागसेनवन. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो की जन्माला आलेला माणूस पुढंही तोच राहतो की दुसरा होतो. नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडं बोट दाखवतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच म्हणता येत नाही आणि दुसरीही म्हणता येत नाही. एकीच्या आधारानं दुसरी पेटत जाते, इतकंच. शहराला हे तंतोतंत लागू पडतं. ज्या शहरात आजोबा आले ते सराफा, गुलमंडी आणि तटबंदीपुरतं होतं. ज्यात नातू राहतो त्यात सिडको आहे, बीड बायपास आहे, वाळूज आहे. नगर वसल्यापासूनच्या चार शतकांत नावंसुद्धा अनेक झाली. आपल्या घराण्याला अमुक साली मिळालेलं आणि तेव्हापासून तसंच असलेलं असं शहर कुठंच नाही. ते दररोज येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तेलावर जळत आलेलं आहे. मग ‘आमचं जुनं शहर नव्यांनी बिघडवलं’ या तक्रारीत ज्या शहराची मालकी सांगितली जाते, ते शहर सांगणाऱ्यालाही कधी जसंच्या तसं मिळालेलं नव्हतं.

जन्म आणि पिढ्या बाजूला ठेवल्या तर उरतं काय? इथं मला बौद्ध विनयाची साक्ष काढावीशी वाटते आणि तिचं कारण या शहराच्या भूगोलातही आहे. विद्यापीठामागच्या डोंगरात, साधारण सहाव्या-सातव्या शतकातली लेणी आहेत. त्यांतले विहार म्हणजे मधोमध मंडप आणि कडेनं भिक्षूंच्या खोल्या. अशा विहारांतलं जगणं विनयपिटकानं आखून दिलं होतं. त्यातल्या चुल्लवग्गातलं एक प्रकरण येणाऱ्या, राहणाऱ्या आणि निघणाऱ्या भिक्षूंच्या कर्तव्यांना वाहिलेलं आहे. आगंतुक, आवासिक आणि गमिक. बारा महिने एका जागी राहणं हा भिक्षूचा स्वभावच नव्हता. पावसाळ्याचा वर्षावास सोडला तर तो फिरता. म्हणजे आवासिकसुद्धा कालचा आगंतुक आणि उद्याचा गमिक. अशा सतत हलणाऱ्या समाजात जागेचा आणि माणसाचा संबंध कसा ठेवायचा, याचा इतका बारकाईनं केलेला विचार मला दुसरीकडं आढळला नाही.

येणाऱ्यानं काय करायचं ते पाहा. विहाराच्या आवारात शिरण्यापूर्वी वहाणा काढायच्या, झटकायच्या, छत्री मिटायची, डोक्यावरचं वस्त्र खांद्यावर घ्यायचं आणि घाई न करता आत जायचं. आवासिक भिक्षू कुठं जमतात ते बघून एका बाजूला बसायचं. मग विचारायचं की प्यायचं पाणी कुठलं आणि वापरायचं कुठलं. शौचाची जागा कुठली. भिक्षेला कुठं जायचं आणि कुठं जायचं नाही. संघानं आपसात काय ठरवलेलं आहे, म्हणजे कोणत्या वेळी आत यायचं आणि कोणत्या वेळी बाहेर पडायचं. बंद खोली मिळाली तर दार ठोठवायचं, क्षणभर थांबायचं, कडी काढून दार लोटायचं आणि बाहेरच उभं राहून आत पाहायचं. या नियमामागं एक हकीकत सांगितली आहे. कोणी एक आगंतुक रिकाम्या खोलीत थेट घुसला आणि वरून त्याच्या खांद्यावर साप पडला. खोली मळलेली असेल आणि अंगात बळ असेल तर ती झाडून घ्यायची. आपल्या आधी कोणी मळवली याची चौकशी नियमात नाही.

या यादीतला एक प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आगंतुकानं विचारायचं असतं की या गावातली कोणती घरं संघानं भिक्षेपासून राखून ठेवलेली आहेत. काही घरांची श्रद्धा इतकी मोठी असते की ती दारी आलेल्याला सगळं देऊन टाकतात आणि स्वतः उपाशी राहतात. अशा घरांवर भार पडू नये म्हणून संघ ठराव करून ती राखत असे. परक्या गावात पाऊल टाकणाऱ्याचं हे आद्य काम आहे: माझ्या येण्यानं कोणाच्या ताटातलं कमी होणार आहे, हे आधी माहीत करून घेणं. वाढत्या शहरात येणाऱ्या सगळ्यांची ऐपत सारखी नसते. वाळूजच्या ठेकेदाराकडं रोजंदारीवर आलेला बिहारी मुलगा रांजणगावात एका खोलीत चौघांसोबत राहतो. त्याच्या येण्यानं कोणाचं घरभाडं वाढत नाही. मोठ्या पगारावर आलेला माणूस, किंवा शहराजवळची शेतजमीन प्लॉट म्हणून घेऊन ठेवणारा, यांच्या येण्यानं मात्र वाढतं. शेतकऱ्याला गरजेपोटी जमीन विकायला लावणारा आणि त्याच भागात तीन वर्षांनी तिप्पट दरानं ती फिरवणारा माणूस कितीही वर्षं इथं राहो, आगंतुकाची पहिलीच चौकशी त्यानं केलेली नाही. येणाऱ्याची ऐपत जेवढी मोठी, तेवढी ही चौकशी जास्त लागते.

विनयाची दुसरी बाजू आवासिकाची, आणि ती कमी कडक नाही. पाहुणा येताना दिसला की उठून पुढं जायचं, त्याचं पात्र आणि चीवर हातात घ्यायचं, आसन मांडायचं, पाय धुवायला पाणी आणि पाय ठेवायला पाट द्यायचा, पाणी प्याल का म्हणून विचारायचं, झोपायची जागा दाखवायची, ती वापरात आहे की रिकामी ते सांगायचं. यापुढचा मुद्दा माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. भिक्षूंमधलं ज्येष्ठत्व उपसंपदेच्या, म्हणजे भिक्षुदीक्षेच्या, वर्षांवरून ठरतं. त्या विहारात किती वर्षं काढली याला त्यात जागा नाही. आगंतुक ज्येष्ठ असेल तर दहा वर्षं तिथं राहिलेल्या आवासिकानंही त्याला उठून आसन द्यायचं आणि वंदन करायचं. तो कनिष्ठ असेल तर आवासिकानं बसल्या जागेवरून त्याला सगळं सांगितलं तरी चालतं, पण सांगायचं हे नक्की. म्हणजे ‘मी इथं आधी आलो’ या एका गोष्टीतून मान मिळत नाही, फक्त काम मिळतं. आधी आलेल्याला पाणी कुठं आहे हे ठाऊक असतं, म्हणून ते सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर. जुन्या रहिवाशाकडं असलेलं ज्ञान हे त्याचं भांडवल आहे असं आपण समजतो. विनय ते कर्ज समजतो.

आता या कसोटीवर आजचा घरमालक उभा करा. खोली बघायला आलेल्या मुलाला तो सर्वांत आधी काय विचारतो? आडनाव. आडनावानं उलगडा झाला नाही तर गाव, गावानं झाला नाही तर सरळ समाज. छावणीपासून सातारा परिसरापर्यंत, जुन्या वाड्यापासून नव्या अपार्टमेंटपर्यंत हा प्रश्न विचारला जातो, कधी तोंडावर, कधी एजंटामार्फत. मुसलमान असेल तर एका बाजूची दारं बंद, दलित असेल तर दुसऱ्या बाजूची, आणि मांसाहार हा दोघांसाठी सोयीचा बहाणा. विहाराचा नियम उलटा आहे. तिथं विचारणारा आगंतुक असतो आणि उत्तर देणारा आवासिक. आपण चौकशीची दिशाच फिरवली. येणाऱ्याला पाणी कधी येतं, कचऱ्याची गाडी केव्हा येते, भाजी कुठं स्वस्त मिळते हे सांगायचं सोडून आपण त्याचीच झडती घेतो. ज्याच्या सात पिढ्या इथं गेल्या तो असा वागतो तेव्हा त्याचं इथलं असणं मी मानायला तयार नाही. आचार चुकला की आवासिकपणही गेलं.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येईल, आणि तो हलका नाही. भिक्षूंना मालमत्ता नव्हती, मुलाबाळांची चिंता नव्हती. इथं एका नळावर चाळीस घरं आहेत. या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानं येतं. येणारा प्रत्येक माणूस एक हंडा कमी करतो. मग जुन्या रहिवाशानं आधी आपल्या घरचं बघू नये का? जरूर बघावं. पण ते पाणी येतं कुठून? पैठणच्या जायकवाडी धरणातून. १९६५ साली त्याची पायाभरणी झाली, १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण झालं, आणि नाथसागराच्या पोटात अनेक गावं गेली. त्या गावांतल्या लोकांना शेतं, देवळं, पिंपळाचे पार सोडून नव्या जागी आगंतुक म्हणून उभं राहावं लागलं. शहरातल्या सर्वांत जुन्या घरातल्या हंड्यातलं पाणीही कोणाच्या तरी उठून जाण्यावर भरलेलं आहे. टंचाई खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय जलवाहिन्या, गळती रोखणं आणि सारखं वाटप हा आहे. उपऱ्यावर रागावून नळाला पाणी वाढत नाही. आणि ज्याच्या पाण्याचा उगमच दुसऱ्याच्या विस्थापनात आहे, त्यानं विस्थापिताला पाणी नाकारण्याला धर्माचा आधार कुठून आणायचा?

दुसरा आक्षेप इतिहासाचा. येणारे सगळे गरजूच नसतात. फौजा घेऊनही लोक येतात. आचारानं माणूस इथला होतो म्हटलं तर जेत्यानं एखादा हौद बांधला की तोही इथला झाला का? मला वाटतं, आगंतुकाचा नियमच याचं उत्तर देतो. आगंतुक वहाणा काढून, घाई न करता येतो आणि विचारतो. जेता विचारत नाही. छावणीची रचनाच पाहा. शहरापासून वेगळी, हद्दीचे दगड रोवलेली, कायदा वेगळा, कारभार वेगळा. आजसुद्धा तिथला कारभार महापालिकेकडं नसून कँटोन्मेंट बोर्डाकडं आहे. ज्या मुलखावर राज्य करायचं त्यात राहायचं पण त्याच्याशी मिसळायचं नाही, या इराद्यानं इंग्रजांनी अशा वस्त्या उभ्या केल्या. १८५७च्या जूनमध्ये इथल्याच घोडदळातल्या स्वारांनी बंड केलं. पकडलेल्यांना काला चबुतऱ्यावर, आजच्या क्रांती चौकात, मारलं गेलं. राज्यकर्त्याला हव्या असलेल्या अलगपणाला त्याचेच शिपाई कंटाळले होते. आणि गुरुवारच्या बाजारानं, शिंप्या-धोब्यांनी, शेजारच्या मोहल्ल्यांनी तो अलगपणा हळूहळू पोखरला, म्हणून छावणी आज शहराचा जिवंत भाग आहे. काळजी वाटते ती नव्या वसाहतींची. कंपाउंडची भिंत, फाटकावर चौकीदार, आत बाग, आत दुकान, आत मंदिर, आणि बाहेरच्या गावाशी संबंध फक्त मोलकरणीपुरता. इंग्रजांनी जे बंदुकीच्या जोरावर केलं तेच आपण हप्त्यांवर विकत घेतो आहोत. तिथं वीस वर्षं राहिलेला माणूससुद्धा शहरात आलेला नसतो.

तिसरा आक्षेप निष्ठेचा आहे आणि तो मराठी माणसाला आतून जाणवतो. इथं राहणाऱ्याचं कुलदैवत तुळजापूरला, शेत परभणीला, मत गावच्या यादीत, आणि म्हातारपणी परत जाण्याचा मनसुबा. ज्याचा एक पाय कायम एसटीत आहे, त्याला इथला कसा म्हणायचा? पण आपल्याच धर्मव्यवहारानं हे कोडं फार पूर्वी सोडवलेलं आहे. छावणीच्या हद्दीतच कर्णपुऱ्याची देवी आहे. तिथली तुळजाभवानी बिकानेरच्या करणसिंहानं स्थापली असं परंपरा सांगते. तो १६६९ मध्ये याच शहरात वारला. राजस्थानातून आलेला राजा दख्खनच्या देवीला आपल्या तळावर आणतो आणि साडेतीनशे वर्षांनी नवरात्रात अख्खं शहर पहाटे अनवाणी तिच्या दर्शनाला चालत जातं. त्यानं तुळजापूरची देवी उणी झाली नाही आणि कर्णपुऱ्याचीही दुय्यम ठरली नाही. छावणीतून नगर रस्त्यानं पुढं गेलं की वाळूजच्या वाटेवर पंढरपूर लागतं. आषाढीला ज्या कामगाराला भीमेकाठच्या पंढरपूरची रजा मिळत नाही तो या छोट्या पंढरपूरला जातो, आणि त्याची वारी खोटी आहे असं कोणी म्हणत नाही. विठ्ठल स्वतः पुंडलिकासाठी आला आणि तिथंच राहिला, अशीच तर त्याची कथा आहे. देवाला दोन ठाणी चालतात तर माणसाला का चालू नयेत? दोन ठिकाणचं असणं ही फसवणूक नाही. दोन्ही ठिकाणची देणी पाळणं अवघड असतं, एवढंच.

शिवाय ‘गावाची निष्ठा’ हे सगळ्यांसाठी सारखं गोड प्रकरण नाही. मराठवाड्याच्या खेड्यांतून नागसेनवनात शिकायला आलेली पहिली पिढी ज्या गावांतून आली, त्या गावांनी तिला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर हल्ला चढवला, तो अशाच अनुभवातून. १९७८ मध्ये विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याच्या प्रश्नावरून मराठवाड्यातल्या खेड्यांत दलितांची घरं जाळली गेली आणि जीव वाचवायला लोक शहराकडं धावले. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. या माणसांना तुमचं मूळ गाव सोडून इथं का आलात, असं विचारणं क्रूर आहे. त्यांच्यासाठी शहर ही दुसरी निष्ठा नव्हती, पहिलीच होती. जन्मानं मिळालेल्या गावानं त्यांना कधी आपलं म्हटलंच नव्हतं. आणि त्यांनी शहराला काय दिलं? वसतिगृहांच्या खोल्यांतून एक नवं साहित्य उभं राहिलं, ‘अस्मितादर्श’सारखं नियतकालिक गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून चालवलं, आणि या शहराचं नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसलं. जन्माच्या कसोटीची पोकळी यापेक्षा स्पष्ट कुठं दिसेल? जन्मगावात ते परके होते आणि आलेल्या गावात आवासिक झाले.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप. आचाराची कसोटी कोण लावणार? उद्या कोणी उठेल आणि रिक्षावाल्याला, फेरीवाल्याला दरडावेल की तुला भाषा येत नाही, तुझं वागणं इथलं नाही, चालता हो. कर्तव्याच्या भाषेचा काठीसारखा उपयोग नेहमीच होत आला आहे. ही भीती खरी आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. राहण्याचा हक्क ही एक. तो संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदानं प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे आणि वागणुकीची परीक्षा घेऊन तो द्यायचा नसतो. इथलं होणं ही दुसरी. ती ज्याची त्यानं साधायची. विनयातही आगंतुकानं वहाणा झटकल्या नाहीत म्हणून त्याचं अंथरूण काढून घ्या असं म्हटलेलं नाही. चुकीची जबाबदारी त्याची, निवारा तरीही द्यायचा. भाषेचंही तसंच. इथं आलेल्यानं मराठी शिकावी असं मला मनापासून वाटतं, आणि या शहराची दख्खनीही कानाला लावून घ्यावी. पाणी कुठं आहे हे ज्या भाषेत विचारायचं ती भाषा न शिकणारा माणूस आपली चौकशी अर्धवट सोडतो. पण शिकवणं हे आवासिकाचं काम आहे, थप्पड मारणं नव्हे. ज्या कॉलनीत बिहारी मुलाशी तीन वर्षं सगळे मोडक्या हिंदीत बोलले, तिथं त्याला मराठी आली नाही तर दोष एकट्याचा कसा?

आता पुन्हा छावणीतल्या बदलीवाल्यांकडं वळू, कारण आचाराच्या विचाराला तेच सर्वांत अवघड जातात असं दिसतं. लष्करातला हवालदार, बँकेतला अधिकारी, कंपनीतला शिकाऊ इंजिनियर यांना आधीच माहीत असतं की अडीच-तीन वर्षांत निघायचं आहे. त्यांचं शहराशी काय नातं? जन्म आणि पिढ्यांच्या हिशेबात त्यांना जागाच नाही. विनयाच्या हिशेबात आहे, कारण निघणाऱ्यालाही कर्तव्यं आहेत. गमिकानं लाकडाचं आणि मातीचं सामान नीट लावून ठेवायचं, दारं-खिडक्या बंद करायच्या, आणि खोली कोणाच्या तरी हवाली करून निघायचं. भिक्षू नसेल तर श्रामणेराला सांगायचं, तोही नसेल तर विहाराच्या चाकराला, तोही नसेल तर उपासकाला. कोणीच नसेल तर चार दगडांवर खाट ठेवायची, खाटेवर खाट, पाटावर पाट रचायचे आणि मग जायचं. छत गळत असेल आणि जमत असेल तर ते शाकारून निघायचं. ज्या खोलीत आपण पुन्हा येणार नाही तिच्यासाठी हे सगळं करायचं. पुढच्याचं नाव-गाव माहीत नसताना करायचं. मुक्काम किती दिवसांचा याला इथं किंमतच नाही. अडीच वर्षांसाठी आलेल्या अधिकाऱ्यानं आपल्यामागून येणाऱ्या भाडेकरूसाठी नळाची वेळ लिहून ठेवली, वीजबिल भरून मीटरचं वाचन कळवलं, लावलेली दोन झाडं शेजाऱ्याच्या हवाली केली आणि तो गेला, तर त्या अडीच वर्षांत तो पुरता इथला होता. आणि हे न करता चाळीस वर्षांनी मुलाकडं पुण्याला निघून गेलेल्या गृहस्थाचं सगळं सामान ट्रकमध्ये मावलं तरी त्यांच्या घराचं छत गळतंच आहे.